एका सीझनपुरतं

आमच्या घरात कुणी बोलत असताना गप्प बसून ऐकणं म्हणजे न ऐकणंच. आई माझ्याकडे पाठ करून भांडी विसळत काहीतरी सांगत असते. दोन वाक्यांनंतर माझं 'हं' आलं नाही की ती नळ बंद करते. "अगं, मी काय भिंतीशी बोलतेय?" मी 'हं' म्हणते आणि नळ पुन्हा सुरू होतो. त्या 'हं'चा अर्थ हो नसतो आणि नाहीही नसतो. मी इथे आहे, तू बोल, एवढाच असतो. हे मला कधी कुणाला समजावून सांगावं लागलं नव्हतं.

पप्पा चिंचवडच्या एका वर्कशॉपमधून इथे आले, दुधाचे टँकर दुरुस्त करायला. गाव साउथ आयलंडमधलं, लहान. दूध कारखाना, एक रस्ता, एक डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, आणि टोकाला फुटबॉलचं मैदान. पप्पांचं आयटीआय झालेलं, आईची दहावी. युनिव्हर्सिटीत जाणारी आमच्याकडची मीच पहिली. मी क्राइस्टचर्चला रिकार्टनमध्ये दोन मुलींबरोबर राहायचे आणि इतिहास शिकायचे. इतिहास शिकून पुढे काय करतात, हे आईने मला कधी विचारलं नाही. तिने विचारलं नाही याचंच मला दडपण यायचं.

शेवटच्या वर्षी आम्हाला एक काम होतं. आपल्या ओळखीच्या एखाद्या संस्थेचा इतिहास जिवंत माणसांच्या तोंडून रेकॉर्ड करायचा. मी गावातला फुटबॉल क्लब निवडला. खरं सांगायचं तर दुसरं काही माझ्या ओळखीचं नव्हतं. क्लबचं गवत कापायचं मशीन पप्पांनी एकदा दुरुस्त करून दिलं होतं. त्यानंतर ते चालवायचं कामही कसं कोण जाणे त्यांच्याकडेच आलं, आणि वर्षानुवर्षं राहिलं. तरी घरात ते म्हणायचे, "त्यांचं मैदान कापून येतो." त्यांचं मैदान, त्यांचा क्लब. आमच्यापैकी कुणी तिथे खेळलेलं नव्हतं.

मॅडमनी आम्हाला आधीच बजावलं होतं, की समोरचा बोलत असताना मध्ये आवाज करायचा नाही. हं नको, हो नको. फक्त मान हलवा, नाहीतर रेकॉर्डिंग खराब होतं. मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं.

पण ज्यांच्याशी बोलायचं होतं, त्या क्लबच्या जुन्या अध्यक्षांना नीट दिसत नव्हतं. ते क्लबच्या हॉलमध्ये मैदानाकडे तोंड करून बसत. माझ्या हलणाऱ्या मानेचा त्यांना काही उपयोग नव्हता. सगळं गाव त्यांना नुसत्या नावाने हाक मारायचं. ऐंशीच्या घरातल्या माणसाला तसं म्हणायला माझी जीभ वळेना, म्हणून मी त्यांना कशानेच हाक मारत नसे. त्यांनी सांगायला सुरुवात केली. मी जरा वेळ गप्प राहिले. ते थांबले. "आहेस ना गं पोरी?" मग माझ्याने राहवलं नाही. मी घरी करते तेच केलं, फक्त इंग्रजीत. या, या. मराठीत लिहिला तर हा शब्द दार उघडून कुणाला आत बोलावल्यासारखा दिसतो. झालंही तसंच काहीसं.

ते छान सांगत. सगळं गाव रग्बीचं. त्यात कारखान्यात नोकरीला आलेल्या काही इंग्लिश आणि स्कॉटिश माणसांनी हट्टाने फुटबॉल सुरू केला. पहिले गोल कारखान्यातल्या पाइपांचे. मग एका लाकूडवाल्याने पैसे घातले आणि काही वर्षं या एवढ्याशा गावात पगारी खेळाडू होते. लांबलांबचे मोठे संघ बसने येऊन इथल्या चिखलात हरून जात. मैदानाच्या एका बाजूला लाकडी बाकांचा स्टँड उभा राहिला. तो अजून आहे, पण वर चढायला बंदी आहे. लाकूडवाल्याचा धंदा बसला, पगार थांबले आणि खेळाडू एकेक करून गेले. एकच राहिला.

"तो मी," ते म्हणाले. "स्कॉटलंडहून एका सीझनसाठी आलो होतो."

"या," मी म्हणाले.

आणखी थोडं बोलणं झालं. मग ते एकदम उठले, माझा हात हातात घेऊन जोरात हलवला आणि आतल्या खोलीकडे वळून ओरडले, "मिळाली! सेक्रेटरी मिळाली!" आत शनिवारसाठी सॉसेज मोजत असलेल्या बाई बाहेर आल्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या गालाचा मुका घेतला. मी हसले. काय झालंय ते मला कळलं नव्हतं, पण सगळे हसत असताना आपण हसावं इतकं कळत होतं.

घरी येऊन मी रेकॉर्डिंग लावलं. सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"आमची सेक्रेटरी ऑस्ट्रेलियाला गेली."

"या."

"कमिटीत आता उरलेत ते सगळे माझ्या वयाचे."

"या."

"तू तर येतेसच शनिवारी घरी."

"या."

"एका सीझनपुरतं केलंस तर आमची अडचण भागेल."

"या, या."

आणि मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज.

"हो म्हणालीस ना?" पप्पा जेवताना म्हणाले. "मग कर. त्यात काय एवढं?"

"अहो, हो कुठे म्हणाली ती? ती ऐकत होती," आई म्हणाली.

"ते त्यांना कसं कळणार?"

"तुम्हाला तरी कळलं होतं का, मशीन गळ्यात पडलं तेव्हा?"

पप्पांनी भाजीत लक्ष घातलं. माझी धाकटी बहीण इथेच जन्मली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. "सो ताई इज द बॉस नाऊ?" ती म्हणाली. "स्वीट ॲज!" म्हणजे झकास.

तो सबंध हिवाळा माझा क्लबमध्ये गेला. सेक्रेटरीचं काम ऐकायला काहीच वाटत नाही. समोरच्या क्लबला वेळ कळवायची, रेफरी ठरवायचा, मुलांना मेसेज टाकायचे, खोल्या उघडायच्या आणि बंद करायच्या. किल्ल्यांचा जुडगा हाताएवढ्या लाकडी ठोकळ्याला बांधलेला होता, हरवू नये म्हणून. तो माझ्या बॅगेत असायचा. लायब्ररीत बॅग ठेवली की ठोकळा टेबलावर आपटायचा आणि लोक वळून बघायचे. लेक्चर चालू असताना फोन थरथरायचा. कुणाचा गुडघा दुखावलाय, रेफरीला ताप आलाय, मैदानात पाणी साचलंय. शुक्रवारी मैत्रिणी कुठे कुठे जायच्या आणि मी गावाच्या बसमध्ये असायचे. खिडकीबाहेर तीच कुरणं, त्याच गाई, आणि मांडीवर तो ठोकळा.

मला तिथे कुणी वाईट वागवलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. इतकी वर्षं डेअरीतला माणूस मला नुसते सुटे पैसे परत द्यायचा. तो आता "किया ओरा," असा माओरीत नमस्कार करून "उद्या कसं काय?" असं विचारायला लागला. सॉसेजवाल्या बाई माझ्यासाठी वेगळ्या तव्यावर बटाटे परतून ठेवायच्या, कारण मी मांस खात नाही हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. रस्त्यात लोक हात करायचे. प्रत्येक हात मला आणखी थोडं घट्ट बांधून जायचा. रात्री झोपताना मी इंग्रजीत एक वाक्य जुळवायचे, मला यापुढे जमणार नाही. सकाळी त्या बटाट्यांची बशी समोर आली की ते वाक्य कुठे जायचं कोण जाणे.

हिवाळा संपता संपता मला ऑकलंडहून ईमेल आली. तिथल्या एका संग्रहालयात जुन्या मुलाखतींची रेकॉर्डिंगं ऐकून ती लिहून काढायची नोकरी, एक वर्षाची, मार्चपासून. मी अर्ज केला होता, पण मिळेल असं वाटलं नव्हतं. आईला फोनवर सांगितलं. नळ बंद झालेला ऐकू आला. मग म्हणाली, "ऐकायचे पैसे देतात?" आणि रडायला लागली.

त्याच आठवड्यात क्लबची वार्षिक सभा होती. पुढच्या सीझनसाठी सेक्रेटरीचं नाव दिलं नाही तर संघाची नोंदणी होणार नव्हती. शेजारच्या गावचा क्लब आमची मुलं घ्यायला तयार होता, पण मग नाव त्यांचं आणि मैदानही त्यांचं. नोटीसबोर्डवर माझं नाव आधीच लावून ठेवलेलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं कशाला? मी कधी नाही म्हटलं होतं?

"मी बोलू का त्यांच्याशी?" पप्पांनी विचारलं.

"नको. माझं मी सांगते."

सभेच्या आधी तासभर पप्पांनी मला क्लबवर सोडलं आणि ते मशीनच्या शेडकडे गेले. हॉलमध्ये ते म्हातारे अध्यक्ष एकटेच होते, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत. मी शेजारी बसले. ते वाक्य तोंडाशी आलं होतं. पण माझा आवाज ऐकताच त्यांनी सुरुवात केली. कपच्या मॅचची गोष्ट, पगारी वर्षांतली, शेवटची. ही मी आधी अनेकदा ऐकली होती. सगळं गाव स्टँडवर, मैदानात घोट्याएवढा चिखल, बरोबरी, आणि शेवटच्या मिनिटाला आपल्या बाजूने पेनल्टी.

मी 'या' म्हटलं नाही.

मी काही ठरवून गेले नव्हते. बोलायला धीर होत नव्हता आणि 'या' म्हटलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं, म्हणून मी दोन्ही हातांनी तो ठोकळा धरून ओठ मिटून बसले. ते पुढे सांगत राहिले. बॉल ठेवला. दोन पावलं मागे आलो. त्यांचा आवाज हळू झाला. पुढच्या वाक्याआधी ते थांबले. त्यांनी कान जरा माझ्याकडे वळवला. मी अजून गप्प होते. 'हं' न म्हणणं हे मी आजवर केलेलं सगळ्यात कठीण काम होतं असं वाटलं. आई असती तर तिने नळ बंद केला असता.

"पोरी," ते म्हणाले, "तू जातेयस."

"या," मी म्हणाले. सवयीने. निसटलंच ते.

त्यांनी मान डोलावली. "कुठे?"

"ऑकलंडला."

"किती दिवस?"

"एक वर्ष."

"एक वर्ष," ते म्हणाले आणि हसले, पण हसू फार वेळ टिकलं नाही. "तसंच म्हणून निघतात सगळे." त्यांनी हात पुढे केला. मी किल्ल्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या. ठोकळ्याच्या वजनाने त्यांचा हात थोडा खाली गेला. गोष्ट त्यांनी पुरी केली नाही. मी सॉरी म्हणाले, ते त्यांनी ऐकलं की नाही मला माहीत नाही.

मी बाहेर जाऊन गाडीजवळ उभी राहिले. खूप मोकळं वाटेल अशी माझी कल्पना होती, पण मी बॅगेत पुन्हा पुन्हा ठोकळा शोधत होते. थोड्या वेळाने पप्पा हात पुसत शेडमधून आले आणि पात्याला धार लावायला हवी हे सांगायला हॉलमध्ये गेले. काचेतून दोघे दिसत होते. म्हातारे बोलत होते, मैदानाकडे बोट दाखवत होते. पप्पा त्यांच्या शेजारी उभे राहून मान हलवत होते. त्यांच्या ओठांची हालचालही मला ओळखू येत होती. आत पळावं असं वाटलं. मी गेले नाही. तेवढ्यात म्हाताऱ्यांनी पप्पांचा हात धरून जोरात हलवला.

गाडीत मी विचारलं, "काय म्हणत होते?"

"काही नाही. पात्याचं सांगितलं मी. मग ते क्लबचं काहीबाही बोलत होते, त्यांचं इंग्लिश कुठे धड कळतंय! मी आपला हो हो करत होतो."

"पप्पा, किल्ल्या कुठे आहेत?"

त्यांनी एका हाताने जाकिटाचा खिसा चाचपला. ठोकळा खिशात मावत नव्हता, अर्धा बाहेर आला होता. "ठेवायला दिल्यात," ते म्हणाले. आणि मग, बरंच पुढे गेल्यावर, "अरे देवा."

आता मी ऑकलंडला अवोन्डेलमध्ये एका खोलीत राहते. दिवसभर कानात अनोळखी माणसांचे आवाज असतात. शनिवारी सकाळी खाली बाजाराच्या पिशव्या घेऊन लोक चाललेले दिसतात, पण मी खाली जात नाही, कारण पप्पांचा फोन येणार असतो. "रेफरीला कसं लिहू गं? तू टाईप करून पाठव, मी पुढे पाठवतो." मी टाईप करते. समोरच्या क्लबची वेळ बदलली की तेही मलाच कळतं. सीझन नुकताच सुरू झालाय.

परवा संध्याकाळी पप्पांचा पुन्हा फोन आला. आवाज घोगरा झाला होता, बहुतेक ओरडून.

"आज आपण हरलो," ते म्हणाले.

"हं."

"त्या रेफरीने आपल्याविरुद्ध पेनल्टी दिली. काही कारण नव्हतं. आपला पोरगा बॉलवरच गेला होता."

"हं."

"मी तिथेच उभा होतो, स्वतः पाहिलं. आणि ती सॉसेजवाली बाई तर... ऐकतेयस ना?"

"हं," मी म्हणाले. "सांगा ना."