बाबांच्या बंदुकीचा अर्ज

दर शुक्रवारी संध्याकाळी, कुवेतमधल्या एगैलाच्या आमच्या फ्लॅटमध्ये चहा झाला की मी अमेरिकेतल्या बंदुका जप्त करायला बसतो. टेक्सासला असलेला माझा मेहुणा व्हिडिओ कॉलवर येतो. त्याची तेव्हा सकाळ असते आणि बिचारा दाढीसुद्धा न करता माझ्या तावडीत सापडतो. त्याच्या घरात दोन बंदुका आहेत. "भावोजी, इथे तो हक्क आहे, घटनेतच लिहिलाय," तो म्हणतो. त्यावर मी जो सुटतो तो सुटतोच. "अरे, आमच्या प्लांटमध्ये डोळे तपासल्याशिवाय माणसाला फोर्कलिफ्टवर बसू देत नाहीत आणि तुम्ही बंदुका वाटताय!" बायको आतून ओरडते, "पुरे हो, त्याला नाश्ता तरी करू द्या."

मी शुऐबाच्या एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये सेफ्टी ऑफिसर आहे. वेल्डिंग असो, खोदकाम असो, माझ्या सहीच्या परमिटशिवाय कुणाला कामाला हात लावता येत नाही. कंत्राटदारांचे धिप्पाड फोरमन "साहब, बस आधा घंटा" करत माझ्यासमोर उभे राहतात आणि मी चष्मा पुसत पुसत त्यांना परत पाठवतो. याचा मला फार माज आहे, खोटं कशाला बोलू.

शुक्रवारच्या भाषणांत एक गोष्ट मात्र मी सोयीस्कर विसरत असे. कोकणातल्या आमच्या घरी, ओटीवरच्या भिंतीला, बाबांची एकनळी बंदूक टांगलेली होती. शेतीच्या राखणीची, रीतसर लायसन असलेली. माकडं आली की बाबा हवेत बार काढायचे, डुकरं आली की डुकरांच्या रोखाने. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची, आणि आणली की आधी तिला तेल, मग यांचा चहा. शाळेत असताना मी तिच्या जोरावर भरपूर भाव खाल्लाय. मेहुण्याला याचा पत्ता नव्हता. बायकोने माझी अब्रू राखली होती.

मग एका जानेवारीत आईचा फोन आला. आधी तिने थंडी किती आहे ते विचारलं, मग हसत हसत म्हणाली, "अरे, तुझ्या बाबांनी परवा माझ्यावर बार काढला." ती गोठ्यामागे वाकून वाळल्या पानांचा पातेरा गोळा करत होती. बाबांना वाटलं, डुक्कर. छर्रे तिच्या डोक्यावरून फणसात गेले. "पन्नास वर्षं संसार केला आणि मला डुक्कर समजले रे!" एवढं म्हणून तिने आवाज खाली आणला. "त्यांना नीट दिसत नाही. डोळे दाखवा म्हटलं तर अंगावर येतात. आता पुन्हा लायसनचे कागद काढून बसलेत. तू सांग. तुझं ऐकतील."

त्याच संध्याकाळी मी बाबांना फोन लावला. काय बोलायचं ते मुद्दे काढून कागदावर लिहून घेतलं होतं. पलीकडून बाबा "काय रे?" म्हणाले. एवढ्यानेच माझी तंतरली. मी आंब्याला मोहोर कसा आहे ते विचारलं. मग सुपारीचं विचारलं. मग म्हटलं, बरं, ठेवतो.

"डिड यू टेल हिम?" माझी बारावीतली मुलगी दारातच उभी होती.

"रेंज नव्हती," मी म्हणालो.

सुट्टी काढून जायला हवं होतं. पण प्लांटचं दुरुस्तीचं शटडाऊन तोंडावर आहे, असं मी स्वतःला बजावलं आणि नोकरीने जे शिकवलं तेच केलं. माणसाशी बोलायचं नाही, त्याचा कागद अडवायचा. लायसनच्या नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो आणि गावातला डॉक्टर माझा वर्गमित्र. त्याला त्याच रात्री फोन करून सांगितलं, "बाबा आले तर दाखला देऊ नकोस. आणि माझं नाव घेऊ नकोस."

"अरे, तूच का सांगत नाहीस त्यांना?"

"मी इथून कसं सांगणार?" हे मी त्याला इथूनच, फोनवर सांगत होतो.

आठवड्याने चक्क बाबांचा फोन आला. "तुझ्या त्या डॉक्टराने दाखला दिला नाही. आमचेच आंबे खाऊन मोठा झाला मेला! तू शिकलेला आहेस, कलेक्टरांना एक कडक अर्ज लिही." आणि मी म्हणालो, "हो बाबा." अहो, हो म्हणालो मी! आई थोडक्यात वाचलीय हे ठाऊक असून.

दोन संध्याकाळी खपून अर्ज लिहिला. मेहुण्याचे सगळे मुद्दे जसेच्या तसे उचलले. प्रत्येकाला आपल्या घराच्या रक्षणाचा हक्क आहे. ठाणं लांब आहे, वेळेला कोण धावून येणार? माकडं हाकायला सरकार येणार आहे का? लिहिता लिहिता मला ते पटायलाही लागलं. 'घरात आम्ही दोघंच म्हातारी माणसं असतो' या वाक्याशी मात्र हात अडखळला. ती दोघंच का असतात, याचं कारण हीटर लावून अर्ज लिहीत बसलं होतं. मुलीला वाचून दाखवला तर ती म्हणाली, "बाबा, आजी कुड हॅव डाइड." मी तिला अभ्यास कर म्हणालो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तरीही मी फोन लावला आणि बाबांना अर्ज वाचून दाखवला, सुरुवातीच्या 'महोदय'पासून.

"छान लिहिलायस," बाबा म्हणाले. "आता फाडून टाक."

"म्हणजे?"

"बंदूक मी ठाण्यात देऊन आलो. तुझा तो मोहोराचा फोन आला ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. लायसन नको म्हणून लिहूनही दिलं. तिथूनच डॉक्टराकडे गेलो, डोळे दाखवायला. त्याने तुझा फोन सांगितला. आईला म्हटलं, तू गप्प बस."

"मग हा अर्ज कशाला लिहायला लावलात?"

"म्हटलं, आता तरी बोलेल. आज बोलेल, उद्या बोलेल."

मी हातातला अर्ज खाली ठेवला. म्हटलं, "बाबा, तुमच्यापुढे माझं तोंडच उघडत नाही. भीती वाटते तुमची."



"समोर बायको आहे की डुक्कर, ते मला कळत नाही रे आता," ते म्हणाले. "माझी कसली भीती?" आणि त्यांनी फोन आईकडे दिला.