सुधाकरभाऊ आणि तो माफीनामा

सुधाकरभाऊ गेले.

आज सकाळी, अकोल्यात, लेकीच्या घरी. चहा मागितला आणि चहा येईपर्यंत थांबले नाहीत.

नव्या मित्रांना हे नाव माहीत नसेल. अमरावतीत आमचं एक लोकल केबल न्यूज चॅनल होतं. दोन खोल्या, दोन कॅमेरे, संध्याकाळी सातचं बुलेटिन. सुधाकरभाऊ संपादक. मी बातम्या वाचायचे.

भाऊ भातकुलीकडचे, शेतकऱ्याघरचे. स्वतः कधी कॅमेऱ्यासमोर यायचे नाहीत. म्हणायचे, माझं थोबाड पाहून लोक चॅनल बदलतील.

बातमी माझ्या हातात येण्याआधी ते प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून रिपोर्टरला विचारायचे, हे तू पाहिलं की ऐकलं? ऐकीव असेल तर सरळ पेन फिरायचा.

एकदा भातकुली तालुक्यातल्या एका गावाची बातमी आली. नळयोजनेचं उद्घाटन एका मोठ्या नेत्याच्या हस्ते झालेलं. झेंडू पिकवणाऱ्या शोभाबाईंनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं, फीत कापायच्या दिवशी टाकीत टँकर रिकामा केला होता. दुसऱ्या दिवसापासून नळाला थेंब नाही.

भाऊ स्वतः गावात गेले. एकेक नळ उघडून पाहिला, शूट करून आणलं. मगच बातमी लागली.

मीच वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून नेत्याच्या माणसांचे फोन. आधी गोड बोलणं. दुपारनंतर तेही नाही.

मग एका सरकारी कार्यालयातून नोटीस आली. बातमी पडताळलेली नाही, शांतता बिघडू शकते, दोन दिवसांत खुलासा द्या, नाहीतर प्रक्षेपण बंद. सोबत आमच्या नोंदणीची जुनी फाईलही उघडली गेली. एक कागद कमी आहे म्हणे. तो आम्ही दिलेला होता, पोच कपाटात होती.

खुलाशाच्या दिवशी सकाळी नेत्याचा माणूस ऑफिसात आला. माफीनामा टाईप करूनच आणला होता. त्यात लिहिलेलं, शोभाबाईंना आम्ही शिकवून बोलायला लावलं, आम्ही दिलगीर आहोत. सात वाजता वाचा, विषय संपला.

आणि वाचायचं कोणी? जिने बातमी वाचली तिनेच.

त्याच दुपारी बाबांना फोन. बाबा शाळेत मास्तर, निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली. फोनवरच्या माणसाने आधी तब्येत विचारली. मग म्हणाला, सेमाडोहकडच्या शाळेत एक जागा रिकामी आहे, जंगलातली हवा मानवेल का सरांना?

आई कोरडे हात पुन्हा पुन्हा पदराला पुसत राहिली.

साडेसहाला मी मेकअप करून खुर्चीत बसले होते. कागद समोर.

आता नीट वाचा. कारण माझ्याबद्दल अमरावतीत वेगळीच गोष्ट सांगतात.

मी नकार दिला नव्हता.

मी वाचायला तयार होते. दोनदा मोठ्याने सरावही केला होता. 'दिलगीर' या शब्दावर थोडं थांबायचं, असंही ठरवलं होतं.

भाऊ दारात उभे होते. किती वेळ, माहीत नाही.

"ऊठ," म्हणाले.

मी बाबांचं सांगितलं. म्हटलं, वाचू द्या भाऊ, दोन मिनिटांचं तर आहे. मला काही होत नाही.

"आज नाही होनार," ते म्हणाले. "उद्या ती बाई फुलं घेऊन बाजारात बसंल. तिच्या तोंडाकडं पाहनं होईल का तुले?"

मी उठले, भाऊ खुर्चीत बसले. माईक मीच त्यांच्या शर्टाला लावला. माझे हात थरथरत होते, असं इतकी वर्षं मला वाटायचं. नाही. त्यांची छाती थरथरत होती.

सात वाजता भाऊंनी नमस्कार केला आणि आलेली नोटीस वाचायला घेतली. जावक क्रमांकासकट, अख्खी. मग म्हणाले, "ही बातमी मी स्वतः जाऊन पाहिली आहे. शोभाबाई खरं बोलल्या."

बाजूच्या खोलीतला टीव्ही निळा झाला. केबल नेटवर्कवाल्यांनी सिग्नल काढला होता.

कॅमेरामनने हातानेच सांगितलं, गेलं. भाऊ थांबले नाहीत. "म्हणून माफी मागण्यासारखं आमच्याकडं काही नाही," हे आमच्या दोघांसमोर पूर्ण केलं आणि मगच माईक काढला.

नेटवर्कचा मालक त्यांचा वर्गमित्र. फोनवर रडत होता. भाऊ त्यालाच समजावत बसले.

चॅनल पुन्हा दिसलं नाही.

नेत्याच्या माणसाला भाऊंनी सांगून टाकलं, पोरगी वाचतच होती, मीच तिला उठवलं. बाबांची बदली टळली ती त्यामुळे.

शहरात मात्र गोष्ट उलटी फिरली. म्हणे मी माफीनामा फाडला. माझे सत्कार झाले. शाल, नारळ, पेपरात फोटो. मी हात जोडून हसत राहिले.

भाऊ नोटिशीविरुद्ध एसटीने नागपूरला हायकोर्टाच्या तारखा करत होते. चिडायचे, घरच्यांवर ओरडायचे, पुढच्या तारखेला पुन्हा जायचे. शेवटी नोटीस मागे घेतली गेली. तोवर आमच्या जागी दुसरंच चॅनल दिसायला लागलं होतं. भाऊ अकोल्याला लेकीकडे गेले, एका प्रेसमध्ये प्रुफं तपासायला लागले.

मागच्या दिवाळीत मी त्यांना भेटायला गेले. सगळं बोलून टाकलं. सत्काराचंही.

"मले मालूम हाये," म्हणाले. "पेपरात वाचलं होतं."

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत?

ते म्हणाले, "तुले वझं होऊन राहिलं असंल तर सांगून टाक. पन मी गेल्यावर सांगजो. आता सांगशील तर लोक फोन करू करू मले बेजार करतीन."

सांगितलं, भाऊ.

आता कोणी फोन करणार नाही.

तुम्हाला शेवटचा नमस्कार.