टेबलावरून दिलेली हजेरी

आमच्या खात्यात नवीन नेटवर्क येणार आहे. मी पोलिसांच्या वायरलेस वर्कशॉपमध्ये टेक्निशियन म्हणून लागले त्या वर्षी ते येणार होतं, आणि आता माझे केस पिकले तरी ते येणारच आहे. मधल्या काळात इंदूर स्वच्छ झालं, बक्षिसं मिळवून मिरवू लागलं. साहेब आले, साहेब गेले. प्रत्येक नव्या साहेबानं पहिल्याच आठवड्यात तीच फाइल उघडली आणि आपल्यालाच पहिल्यांदा सुचल्यासारखा चेहरा करून मीटिंग बोलावली.

अशा एका मीटिंगला मला मुद्दाम नेलं होतं. तुकोगंजमधलं हॉटेल, गार हवा, प्रत्येकापुढे पाण्याची इवलीशी बाटली. पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा आणि त्यावर प्रत्येक ठाण्याच्या जागी एक हिरवा ठिपका. कंपनीचा माणूस ठिपक्यावर बोट टेकवी आणि ठिपका मोठा होई. सगळे अधिकारी लग्नात आतषबाजी बघावी तसे बघत होते. शेवटी "एनी क्वेश्चन्स?" झालं, तेव्हा मी हात वर केला.

"सर, ये आने तक पुराने सेट के पार्ट्स का क्या?"

साहेब हसले. "मैडम, नया आ रहा है तो पुराने पे खर्चा जस्टिफाय कैसे करेंगे?"

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. नकाशावरचे ठिपके हिरवे झाले म्हणून आमची सुट्या भागांची खरेदी त्या दिवसापासून बंद.

मग आम्ही मेलेल्या सेटचे अवयव काढून मरत्या सेटना लावायला लागलो. याचं बटण त्याला, त्याचा स्पीकर याला. बॅटरीची टोकं मी माझ्या भाचीच्या खोडरबरानं घासायची. एक सेट रबरबँडनं बांधून एका ठाण्याला परत पाठवला, तर तिथून फोन आला, "मैडम, रबर टूट गया, दूसरा भेज दो." परदेशीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत अजून स्टोव्ह दुरुस्त करणारा एक म्हातारा बसतो. त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त सामान असतं. हे मी साहेबांना बोलून दाखवलं होतं. त्यांनी ते विनोद म्हणून घेतलं.

आता आमची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. रोज सकाळी कंट्रोल रूम वायरलेसवर प्रत्येक ठाण्याची आणि चौकीची हजेरी घेते. नंबर पुकारला की तिकडच्या माणसानं "हाजिर, सब ठीक" म्हणायचं. रजिस्टरमध्ये खूण पडते. लागोपाठ तीन दिवस उत्तर आलं नाही की त्या ठाण्याच्या ऑपरेटरला जाब विचारणारं पत्र जातं. सेट का बंद आहे, पार्ट कोणी घेतला नाही, हे कोणी विचारत नाही. जो बोलला नाही तो गुन्हेगार, असा आमचा न्याय. म्हणून वर्कशॉपमध्ये फार जुनी पद्धत पडलेली: ज्या चौकीचा सेट दुरुस्तीला टेबलावर असेल, तिचा नंबर पुकारला की टेबलावर बसलेल्यानं त्याच सेटचं बटण दाबून हजेरी द्यायची. सेटची चाचणीही होते आणि तिकडच्या बिचाऱ्याची मानही वाचते. मला हे माझ्या आधीच्या टेक्निशियननं पहिल्याच दिवशी शिकवलं, आणि मीही ते पुण्यकर्म समजून शिकले.

इंदूरजवळच्या हातोद ठाण्याच्या पलीकडे, नाल्याच्या उतारावर, आमची एक चौकी आहे. दोन खोल्या, एक मोटरसायकल आणि एक दीवानजी. आमच्याकडे हवालदाराला दीवानजी म्हणतात. निवृत्तीला वर्ष राहिलेला, पांढऱ्या मिशांचा, सेटला रोज अगरबत्ती ओवाळणारा माणूस. त्या चौकीखालून रस्ता नाल्यातून जातो. पूल नाही, सिमेंटचा बुटका रपटा आहे. वरच्या बाजूचा तलाव भरून वाहू लागला की अर्ध्या तासात रपट्यावरून पाणी जातं, मग खाली ऊन का असेना. तलावाजवळच्या ठाण्यानं वायरलेसवर सांगायचं आणि दीवानजीनं खाली उतरून रस्ता अडवायचा, अशी व्यवस्था. मोबाइल त्या उतारावर चालत नाही. चौकीच्या गच्चीवर टाकीशेजारी उभं राहिलं तर एखादी दांडी येते.

एका वादळात त्या चौकीच्या सेटचा वीज घेणारा भाग जळला. दीवानजी तो सेट मांडीवर घेऊन बसनं माझ्याकडे आले. सोबत पिशवीत शेव. माझ्या टेबलावर मोठा वीजपुरवठा आहे, त्याला जोडला की सेट छान बोलायचा. चौकीत मात्र तो मुका. लागणारा भाग तळहाताएवढा, पण नवीन नेटवर्क येणार होतं ना.

"मैडम जी, एक ही बिनती है," दीवानजी म्हणाले. "म्हारी हाजरी देख लेना. आखरी साल में लाल स्याही नहीं लगनी चाहिए."

"तुम्ही बेफिकीर राहा," मी म्हटलं, मराठीतच. त्यांना कळलं.

उन्हाळाभर मी हजेरी दिली. रोज चहाचा पहिला घोट, मग नंबर, मग बटण. "हाजिर, सब ठीक." इतकी सवय झाली की हातातलं काम न थांबवता तोंडातून जायचं.

पावसाळ्याच्या तोंडावर वरून कृपा झाली. नेटवर्क येईपर्यंत कामचलाऊ म्हणून काही नवे सेट मिळाले, जुन्याच पद्धतीचे. त्यातला एक त्या चौकीला हवा, हे माझ्या मनात इतकं पक्कं होतं की दीवानजींनी गच्चीवरून फोन केला तेव्हा मी त्यांना सांगूनही टाकलं. मग यादी आली. यादीत ती चौकी नव्हती.

आमचे स्टोअरबाबू मराठी, जन्म इथलाच. मी त्यांच्या खिडकीशी जाऊन भांडले.

"ताई, मेरे पे मत चिल्लाव ना," ते म्हणाले. "साहेबांनी सिस्टिम लावली आहे. हजेरीचं रजिस्टर बघायचं, ज्यांची जास्त गैरहाजिरी त्यांना आधी सेट. तुमच्या त्या चौकीची एक पण गैरहाजिरी नाहीये. पूरे जिले में नंबर वन आहे ती!"

जिल्ह्यात सगळ्यात मुकी चौकी रजिस्टरमध्ये सगळ्यात बोलकी होती, आणि ती बोलकी मी केली होती.

साहेबांकडे गेले. म्हटलं, सर, तो सेट उन्हाळ्यापासून माझ्या टेबलावर आहे. त्यांनी रजिस्टर मागवलं, खुणांवरून पेन फिरवलं. "तो फिर ये हाजिरी कौन दे रहा था?" त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं. "लिख के दे दीजिए, मैं चौकी का नाम जोड़ देता हूँ."

लिहून द्यायचं म्हणजे खोटी हजेरी मी दिली, हे माझ्या सहीनं द्यायचं. हात दाखवून अवलक्षण. शिवाय दीवानजींच्या कागदावरही लाल शेरा येणारच. मी "बघते सर" म्हणून बाहेर आले. खात्यावर, साहेबांवर, कंपनीच्या ठिपक्यांवर मी इतकी वर्षं तोंडसुख घेतलं, पण तो एक कागद मी पंधरा दिवस पर्समध्ये कोरा ठेवून फिरले. माझ्यात आणि त्यांच्यात काय फरक होता, तर ते गार हवेत भित्रे होते आणि मी पंख्याखाली.

सोळाव्या दिवशी, सकाळची हजेरी होऊन तासभर झाला असेल. इंदुरात ऊन पडलं होतं. मी दुसऱ्या एका सेटचं झाकण खोलत होते. टेबलावरच्या चौकीच्या सेटमधून तलावाजवळच्या ठाण्याचा आवाज आला. त्यांनी चौकीचा नंबर पुकारला आणि म्हणाले, तलावाच्या बांधावरून पाणी निघालंय, रपटा बंद करा. "मैसेज मिला?"

माझ्या हातात पेचकस होता. मी मान वर न करता डाव्या हातानं बटण दाबलं आणि म्हटलं, "मिला, सब ठीक."

"ठीक," तिकडचा म्हणाला आणि बंद झाला.

काय बोलले ते कळायला मला किती वेळ लागला, कोण जाणे. पेचकस खाली पडल्याचा आवाज मात्र आठवतो. दीवानजींना मोबाइल लावला. क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. मग मी बटण दाबून ओरडले, "मैसेज नहीं मिला! चौकी पे सेट नहीं है, सेट इंदौर में मेरी टेबल पे है! हातोद से गाड़ी भेजो!"

सगळा जिल्हा ऐकत होता. मग कंट्रोलवाल्याचा गोंधळलेला आवाज, "मैडम, अभी तो आपने बोला, मिला?"

"खोटं बोलले मी!" मराठीतच निघालं तोंडातून. मग हिंदीत सांगितलं, मग परत सांगितलं. तिकडे तो सारखा रजिस्टर बघून म्हणे, सुबह तो हाजिरी लगी है. शेवटी त्याला दया आली की भीती वाटली, गाडी निघाली.

गाडी पोचली तेव्हा रपट्यावर कमरेएवढं पाणी होतं. दुधाचा एक टेम्पो मधोमध अडकलेला. दीवानजींना वरून पाणी येताना दिसलं, तेव्हा टेम्पो आधीच आत होता. ते काठी घेऊन उतरले, ड्रायव्हरला ओढून काठाला लावलं, आणि स्वतः पाण्याच्या लोंढ्यानं कडेच्या दगडी खुंटावर आदळले. ड्रायव्हर वाचला. दीवानजींच्या कमरेचं हाड मोडलं.

चौकशी झाली. खात्याला चौकशी करायला फार आवडतं, तिला सुटे भाग लागत नाहीत. मी तो कागद शेवटी लिहिला, पाणी ओसरल्यावर. मला नोटीस मिळाली, ती मला मान्य आहे. चौकीला नवा सेट मिळाला, आठ दिवसांत. पार्ट न घेणाऱ्यांना कोणी काही विचारलं नाही. त्यांची मात्र नव्या नेटवर्कच्या कमिटीवर नेमणूक झाली.

महिन्याभरानं मी हातोदला दीवानजींच्या घरी गेले. खाटेवर आडवे होते, पायाला वजन बांधलेलं. दाढी वाढलेली, मिशा मात्र विंचरलेल्या. त्यांच्या बायकोनं चहा दिला आणि माझ्याकडे न बघता आत गेली. मी घरून पाठ करून आणलेलं सगळं विसरले. नुसतं म्हटलं, "दीवानजी, मेरी गलती से हुआ. मैंने ही बोला था, मिला."

त्यांनी हात हलवला, माशी उडवावी तसा. मग इकडेतिकडे बघितलं, बायको दाराशी नाही याची खात्री केली, आणि आवाज खाली घेऊन विचारलं,

"मैडम जी, उस दिन सबेरे म्हारी हाजरी तो लगी थी ना?"

मी म्हटलं, "लगी थी."

"बस," ते म्हणाले, आणि खरोखरच सुटल्यासारखे उशीवर मागे टेकले.