गुलाबी रंगाखालचा ईमेल

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, गोंदियाजवळच्या कुडव्यातील एका घराच्या भिंतीवर माझ्या भाचीचा एकमेव ईमेल पत्ता लिहिलेला होता आणि तो सदर लेखकाने, म्हणजे मी, पूर्ण शुद्धीत, गुलाबी डिस्टेंपरचे दोन हात मारून नाहीसा केला. हरकती घेऊ नयेत. मुदत संपली आहे.

आमच्याकडे वही हरवते, चिठ्ठी धुण्यात जाते, मोबाईल टाकीत पडतो. भिंत कुठे जात नाही. म्हणून माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी दाराशेजारची हातभर जागा नंबरांसाठी राखलेली होती. सिलिंडरवाला, मोटारपंप दुरुस्त करणारा, धान चुरून मळणी करणाऱ्या मशीनचा मालक, सगळे तिथे बॉलपेनने नांदत होते.

भाचीने नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरला तेव्हा तिला ईमेल नव्हता. ऑनलाइनच्या दुकानदाराने तिथल्या तिथे एक तयार केला, मनाला येतील ते आकडे जोडले, पासवर्ड म्हणून तिचंच नाव ठेवलं आणि पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. बहिणीने तो भिंतीवर उतरवून घेतला, दोनदा ताडून पाहिला आणि चिठ्ठी चुलीत घातली. इतकी काटेकोर बाई आमच्या घराण्यात दुसरी नाही.

मग राखी आली. मी ओवाळणी म्हणून रंगाचे डबे घेऊन पोहोचलो. डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी, तोंडात गाणं. शेजारणी दारात उभ्या राहून बघत होत्या, आणि प्रेक्षक दिसले की माझा ब्रश आवरत नाही. दाराशेजारच्या नंबरांपाशी भाऊजी जरा थबकले. मी हात पसरून म्हटलं की आता सगळं मोबाईलमध्ये असतं. शेजारणी हसल्या, मी रंग फिरवला.

पंधरा दिवसांनी भाचीला जागा मिळाली. गोंदियातच, घरून सायकलने जाता येईल अशी. हे तिचं प्रवेशाच्या प्रयत्नाचं दुसरं वर्ष होतं. तिसऱ्यांदा फॉर्म भरू द्यायला भाऊजी तयार नव्हते, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत प्रवेशाच्या ॲपमध्ये होकार द्यायचा होता. तिने बटण दाबलं. ॲप म्हणालं, तुमच्या ईमेलवर कोड पाठवला आहे.

मला दुपारी बोलावणं आलं, कारण घरात मोबाईलमधला जाणकार म्हणून माझीच ख्याती. ती मीच पसरवलेली आहे.

मी ऐटीत खुर्ची ओढली. ॲपमध्ये तिची माहिती उघडली. तिचं नाव होतं, जन्मतारीख होती, बापाचं नाव होतं, फोटोही होता. ईमेलच्या जागी एक अक्षर, मग चांदण्यांची रांग, शेवटी सातचा आकडा. बाकीचं सुरक्षेसाठी झाकलं होतं. कोणापासून, ते लिहिलं नव्हतं. ‘ईमेल आठवत नाही’ दाबलं, तर ॲपने तो शोधण्यासाठी ईमेल मागितला. ‘मदत’ दाबलं, तर तक्रार नोंदवलेल्या ईमेलवरूनच पाठवा, असं उत्तर आलं. कॉलेजात फोन केला. तिथले बाबू शांतपणे म्हणाले की आमच्या हातात काही नाही, सगळं ॲपमध्ये आहे.

स्कूटर काढून मी ऑनलाइनच्या दुकानावर गेलो. शटरला कुलूप. शेजारच्या पानठेल्यावाल्याने चुना लावता लावता सांगितलं, “वो तो दुकान समेट के कब का निकल गया, भैया. रायपूर.” नंबर लावला, तो बंद.

परतलो तेव्हा बहीण पोळ्या उलटायचा सराटा घेऊन भिंतीपाशी उभी होती. ती भिंत खरवडायला लागली. गुलाबी पापुद्रे पडत होते, खालची सफेदीही बरोबर येत होती. सिलिंडरवाला निघाला. मोटारपंपवाला अख्खा निघाला, ठसठशीत, एकही आकडा न गमावता. मग खाली निळ्या शाईत ते एक अक्षर दिसलं आणि भाची माझ्या खांद्याला लागून उभी राहिली.

इथे मी पुन्हा अक्कल चालवली. कोरडं खरवडलं तर अक्षरं तुटतील, म्हणून ओल्या फडक्याने हळूच पुसू म्हटलं. बहीण म्हणाली, “पाणी कायले लावतं भाऊ, राहू दे.” पण फडकं माझ्या हातात होतं. रंग सुटला. त्याच्याबरोबर शाईही सुटली. भिंतीवर निळसर गुलाबी ओघळ आला आणि खाली फरशीपर्यंत गेला.

शेवटचा अर्धा तास आम्ही ॲपमधल्या ईमेलच्या चौकटीत अंदाजाने आकडे घातले. तिचं जन्मसाल, पिनकोड, दुकानदाराच्या डोक्यात काय असेल ते. पाच-सहा वेळा चुकल्यावर ॲपने तेही बंद केलं. पाच वाजता होकाराचं बटण करडं झालं, आवाजसुद्धा झाला नाही. तिचा फोटो मात्र वर तसाच होता, दोन वेण्या घातलेला.

भाऊजी उठून मागच्या अंगणात गेले. बहीण झाडू घेऊन पापुद्रे गोळा करायला लागली. मी ओलं फडकं पिळून खिडकीत वाळत घातलं. भाची त्या फोटोकडे पाहत म्हणाली,

“मामाजी, मी सोताच त्या कॉलेजवाल्यायच्यापुढं जाऊन उभी राहिली, तं मी मीच आहो हे तरी मानतीन का ते?”