खात्रीचा माणूस

रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईच्या खोलीला लागून, त्यांची खोली होती. बंद पडलेले सलाइनचे पंप, आकडे चुकवणारे मॉनिटर, सुटलेल्या वायरी असं सगळं तिथे यायचं आणि सव्वीस वर्षं ते एकटेच निस्तरायचे. नर्सेस त्यांना ‘पंपवाले’ म्हणत. नवीन आलेल्या एका नर्सला वाटलं, हे नळाचं काम बघतात. ती त्यांना गळका नळ दाखवायला घेऊन गेली. त्यांनी तोही दुरुस्त करून दिला.

घरी मात्र ते इंजिनियर होते. स्वतःच्या तोंडाने ते तसं कधी म्हणाले नव्हते. लग्नाच्या वेळी कोणीतरी सासऱ्यांना तसं सांगितलं, सासऱ्यांनी ते चार लोकांत मिरवलं, आणि यांनी खोडून काढलं नाही. खरं तर दीड वर्षाचा दुरुस्तीचा कोर्स, एवढंच शिक्षण. पुढे पुढे नातेवाईक ‘इंजिनियरसाहेब’ म्हणून हाक मारू लागले आणि तेही ओ देऊ लागले.

लेकीला बायोमेडिकल इंजिनियरिंगसाठी दोन विद्यापीठांत जागा मिळाली. एक लांबचं, रेल्वेने अख्ख्या दिवसाच्या वाटेवरचं, नावाजलेलं. दुसरं रुग्णालयाच्या मागच्याच रस्त्यावर. या जवळच्या विद्यापीठाची मुलं दुसऱ्या वर्षापासून रुग्णालयात येऊन यंत्रं उघडायला शिकत. ती शिकायला यांच्याच तळघरात येत.

लेकीचं मन जवळच्याकडे झुकत होतं. तिने वहीत दोन विद्यापीठांचे दोन रकाने पाडले होते. एका रविवारी सकाळी ती वही घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसली.

“बाबा, तुमचं तिथे जाणं-येणं आहे. त्यांची लॅब कशी आहे हो?”

त्यांच्या डोळ्यांसमोर वेगळंच चित्र आलं. दहा-बारा मुलांत आपली लेक उभी आहे, वरून एखादा डॉक्टर खेकसतोय, ‘पंपवाले, अजून किती वेळ?’, आणि आपण मान खाली घालून ‘झालंच साहेब’ म्हणतोय.

“लॅबचं काही खरं नाही,” ते बोलून गेले. “अर्धी यंत्रं बंद. नुसती मांडून ठेवलीत.”

“नक्की?”

“मी डोळ्यांनी बघतो ना.”

डोळ्यांनी बघत होते हे खरंच. त्या लॅबमधलं एकेक यंत्र दर तीन महिन्यांनी ते स्वतः तपासत, आणि सगळी यंत्रं घड्याळासारखी चालत होती. लेकीने वहीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिने जवळची जागा सोडली.

आठवड्याने त्या लॅबच्या विभागप्रमुख बाई तळघरात आल्या. एरवी त्या फोन करत. हातात एक कागद होता.

“ही तुमची मुलगी ना? आडनाव बघून वाटलं.”

“हो.”

“जागा सोडताना कारण लिहावं लागतं. तिने काय लिहिलंय वाचा.”

लेकीचं नेटकं अक्षर. ‘लॅबमधली यंत्रं बंद असतात, असं खात्रीच्या माणसाकडून कळलं.’

“यंत्रं तर तुम्हीच सांभाळता,” बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्याचाच जास्त त्रास झाला. “बंद असतील तर मला सांगा. आणि चालू असतील तर असं कोण म्हणालं, तेही सांगा.”

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “चालू आहेत. मीच म्हणालो,” एवढंच कसंबसं निघालं. मग विचारलं, “जागा परत मिळेल का?”

“ती कालच दुसऱ्या मुलीला गेली.”

त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी बूटही काढले नाहीत. लेक कपड्यांना इस्त्री करत होती, तिची आई घड्या घालत होती. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगून टाकलं: लॅब, खोटं, तळघर, पंपवाले.

लेकीने इस्त्री बंद केली.

“तुम्ही इंजिनियर नाही, हे मला नववीपासून माहीत आहे,” ती म्हणाली. “शाळेच्या फॉर्मवर मीच ‘यंत्रदुरुस्ती’ लिहायची. मला त्यात काही वाटलं नाही कधी.” मग म्हणाली, “जवळच्या विद्यापीठाचा रकाना मी तुमच्या शब्दावर खोडला, बाबा.”

बायकोने फक्त हातातली घडी मोडून पुन्हा घातली.

लेक लांबच्या विद्यापीठात गेली. तिथली इमारत मोठी होती, पण यंत्रांना हात लावायला तिसऱ्या वर्षापर्यंत थांबावं लागणार होतं. हे तिने आईला फोनवर सांगितलं, आईने यांना. पहिले दोन महिने ती त्यांच्याशी बोललीच नाही, आणि ‘दे जरा फोन’ म्हणायची त्यांचीही हिंमत झाली नाही.

दरम्यान ज्या मुलीला लेकीची जागा मिळाली होती, ती वर्गाबरोबर रुग्णालय बघायला तळघरात आली; बरोबरच्या विभागप्रमुख बाईंनी ती कोण ते त्यांना सांगितलं. हुशार होती, प्रश्नांवर प्रश्न विचारत होती. तिने त्यांना ‘सर’ म्हटलं.

“सर नाही,” ते म्हणाले. “मी दुरुस्ती करतो. पंपवाले म्हणतात मला.” मग त्यांनी तिला पंप उघडून दाखवला, आणि सगळा वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं.

तिसऱ्या महिन्यात एकदा घरचा फोन वाजला तेव्हा बायको बाहेर गेली होती. पलीकडून लेक म्हणाली, “आई नाहीये?”

“नाही.”

तिने फोन ठेवला नाही. मग तिने विचारलं, “मॉनिटरवरची अख्खी रेघच जागा सोडून वरखाली सरकत असेल, तर आधी काय बघायचं?”

“छातीवर चिकटवतात त्या चकत्या. सुकल्या असतील,” ते म्हणाले. “पण माझ्या एकट्याच्या शब्दावर जाऊ नकोस. तिथल्या सरांना विचारून घे.”

“विचारते,” ती म्हणाली, आणि आई किती वाजता येईल ते विचारून तिने फोन ठेवला.