मातीला जाताना

सकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, आई गेली. दुपारी माती हाय." मी काही बोलायच्या आत पुढं म्हणाला, "तुमी नका येऊ. लई हाल हुतील तुमचे."

माझी थोरली बहीण अकोले तालुक्यात, डोंगरातल्या गावात दिलेली. आमची आई लवकर वारली, मग हिनंच मला वाढवलं. मोटारसायकलवरून पडून माझा मणका मोडला, छातीखालचं सगळं बधिर झालं, तेव्हापासून तीच एसटीनं माझ्याकडं बेलापूरला यायची. दर नाताळला म्हणायची, "यंदा तू ये." मी हो म्हणायचो. तिचं घर रस्त्यापासून बरंच वर, भाताच्या बांधांवरून चढून जायचं. चाकाची खुर्ची तिथं काय कामाची?

फोन ठेवला आणि मला संतापच आला. ज्याला त्याला माझ्या हालांची काळजी, आणि त्या काळजीपोटी मला घरात बसवून ठेवायचं! बायकोला म्हटलं, "गाडी बोलव. मी मातीला जाणार."

प्रवासाला निघायचं म्हणजे मी आधी पाणी पिणं तोडतो. लघवी लागलेली मला कळत नाही. नळी घालून काढावी लागते, वेळ चुकली की घाम फुटतो, डोकं ठणकायला लागतं. कोल्हारच्या पुढं एका पेट्रोल पंपावर संडास होता, पण वर चढायला पायऱ्या आणि दार इतकं अरुंद की खुर्ची आत जाईना. शेवटी गाडीतच उरकलं, बायकोनं खिडकीला चादर धरली. पुढं वळणं सुरू झाली. माझ्या धडाला तोल नाही, म्हणून तिनं जुन्या साडीनं मला सीटला बांधलं. बसून बसून जखम होऊ नये म्हणून मी मधूनमधून हातांवर अंग उचलत होतो आणि ड्रायव्हरला घाई करत होतो.

पोचलो तेव्हा बहिणीची पेटी वर गेली होती. दफनभूमी चढावर. भाचा धावत खाली आला. "मामा, तुमी गाडीतच बसा. मूठभर माती आनतो, हात लावून द्या. मी टाकतो."

"टपाल हाय का ते?" मी ओरडलो. "मला वर न्या."

मग चौघं खाली आले. नुकतीच त्यांनी पेटी वाहिली होती. त्यांनी मला खुर्चीसकट उचललं. अर्ध्या चढावर त्यांच्यातला एक म्हातारा सवयीनं बोलून गेला, "खांदा बदला रे."

सगळे जागच्या जागी थबकले. माझ्याकडं कुणाला बघवेना.

"बदला की," मी म्हटलं, "पण मला परत खाली आणायचंय, तेवढं ध्यानात ठेवा."

पाळकसाहेब थांबले होते. खुर्चीतून मला वाकता येईना, म्हणून भाच्यानं ओंजळीत माती दिली. मी ती टाकली. पेटीवर पडल्याचा आवाज आला आणि मी ढसाढसा रडलो.

तिथून तिचं घर दिसत होतं, अजून वर. भाचा म्हणाला, "मामा, घरी चला. घोटभर चहा घ्या."

मी त्या चौघांकडं बघितलं. बिचारे घामाघूम झाले होते आणि मला खाली न्यायचं अजून बाकीच होतं. माती होती म्हणून एवढी माणसं जमली. नाताळच्या जेवणाला ती कुठून आणली असती?

"उशीर हुईल," मी म्हणालो.

बहिणीला माती देऊन आलो. तिच्या घरी अजून गेलेलो नाही.