पाचच्या कप्प्यात आठ

मामा डुकरांचे दात घासतात, असं कळलं की लोक आधी हसत आणि मग "खरंच?" म्हणून विचारत. मामा दोन्ही करू देत. दातांच्या संशोधन केंद्रात, तळमजल्यावरच्या प्राणिगृहात त्यांची बावीस वर्षं गेली होती. केंद्रात लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत.

घरी बायको म्हणायची, "जगातल्या डुकरिणींचे दात राखलेत, माझ्या दोन दाढा गेल्या तेव्हा कुठे होतात?"

"तुझ्या तोंडापुढे आमचा ब्रश टिकला असता होय?"

डुकराचं जबड्याचं हाड माणसाच्या हाडाशी पुष्कळ मिळतं. म्हणून दाढ काढायची, तिथे धातूचा स्क्रू बसवायचा, आणि हाड त्याला घट्ट धरतं का ते बघायचं. या खेपेला बारा माद्या होत्या. सहा जणींना भिजवलेलं मऊ खाणं, सहा जणींना कोरडं, कडक. बारा आठवडे झाले की भूल द्यायची, तिच्यातच संपवायचं आणि जबडे तपासायला वर न्यायचे. पहिल्या वर्षी त्या दिवशी मामांच्या घशाखाली घास उतरला नव्हता. पुढे उतरू लागला. आता तर ते एक वाजला की डबा उघडत, कुठलाही दिवस असो.

प्रयोग चालवणाऱ्या मॅडमचा नियम होता, कप्प्यात सोडताना कानातला बिल्ला वाचायचा. मामा वाचत नसत. पाच नंबर कोपऱ्यात तोंड खुपसून बसते, आठ नंबर दाराला नाक लावते. चालीवरून ओळखता येत असताना बिल्ला कशाला? रविवारी कप्पे धुताना पाण्याच्या फवाऱ्याने सगळ्या बिथरल्या. एक जण कोपऱ्यात जाऊन बसली. मामांनी तिला पाचच्या कप्प्यात ढकललं, दाराशी उरली तिला आठच्या.

गुरुवारी, आठवड्याचे दात घासताना, तिचा कान बाजूला झाला. बिल्ल्यावर आठ होतं.

मामांनी दोघींची अदलाबदल केली. खाण्याच्या नोंदींची वही उघडली. पाच, मऊ, बरोबरची खूण. आठ, कडक, बरोबरची खूण. चार दिवसांच्या आठ खुणा, सगळ्या त्यांच्याच हातच्या, सगळ्या खोट्या. सहावा आठवडा चालू होता. पाहिलं कुणीच नव्हतं. आणि प्रयोगातून बाद झालेलं जनावर केंद्रात ठेवत नाहीत, संपवतात, हे मामांना पाठ होतं. गप्प बसलं तर दोघींना आणखी सहा आठवडे होते.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. ती डाव्या बाजूने सावकाश चावत होती.

"कळेल का कुणाला?"

"नाही."

"मग तुमचं काय अडलंय?"

"तसं काहीच नाही."

तिने घास गिळला. "पुढच्या महिन्यात माझ्या तोंडात तो स्क्रू बसणार. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर मऊ खा, मग काहीही खा. हे त्यांना कुणी सांगितलं असेल हो?"

"असेल कुणाची तरी वही."

"हं," ती म्हणाली. "भात वाढू?"

सकाळी मामांनी वही मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं. मॅडमनी चष्मा काढला.

"बिल्ला बघितला नाहीत?"

"नाही."

"बावीस वर्षांत कधीच?"

"चाल ओळखीची असायची."

"मामा, वर्षाचं काम आहे हो हे. बारातल्या दोन गेल्या." मग आवाज उतरला. "सांगितलंत ते बरं केलंत. पण आजच करावं लागेल. तुम्ही हवं तर घरी जा."

"नको. एकेकटीला नेलंत तर दुसरी ओरडत बसेल. दोघींना एकदम न्या, मी धरतो."

मॅडमनी होकारार्थी मान हलवली.

दोघी त्यांच्या मागोमाग आल्या. टेबलाशी त्यांनी आधी आठचे, मग पाचचे कान धरले. दोन्ही वेळा बिल्ला मोठ्याने वाचला. मॅडमनी लिहून घेतला. सुई गेली. अंग जड झालं, मग अधिक जड झालं. आता काहीतरी वाटेल म्हणून मामा थांबले. हाताला रग लागली, एवढंच.

ते सवयीने जबड्यांसाठीचे डबे आणायला वळले.

"डबे नकोत, मामा," मॅडम म्हणाल्या. "यांचा आता उपयोग नाही."

"म्हणजे असेच?"

"असेच."

इथून एकही अशी गेली नव्हती. या दोघी जबड्यासकट, स्क्रूसकट गेल्या. हे चांगलं म्हणावं की वाईट, मामांना ठरवता येईना. ठरवून तरी कुणाला सांगायचं होतं? त्यांनी गाडी बाहेर ढकलली आणि पाइप घेऊन पाच नंबरचा कप्पा धुवायला सुरुवात केली.